कोरड्या हिवाळ्यासाठी ह्युमिडिफायर : धुक्याचा, पंख्याचा की वाफेचा?

शिकागोसारख्या शहरात हिवाळ्यात घर इतके कोरडे का पडते, हे आधी समजून घेतले तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, निवडणे सोपे जाते. उणे १० अंश सेल्सियसला घनमीटरभर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात शिरून २१ अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता १८ ग्रॅमांवर जाते, बाष्प मात्र होते तेवढेच राहते आणि सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर घसरते. मग सकाळी नाकात रक्ताची खपली दिसते, दाराच्या मुठीला हात लावताच ठिणगी बसते आणि भारतातून जपून आणलेल्या बाजाच्या पेटीचे लाकूड आकसू लागते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातील आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवण्याचा सल्ला देते. पुण्या-नाशिकच्या थंडीत घर तापवले जात नाही आणि खिडक्याही उघड्या असतात. तिथे या यंत्राऐवजी कोकमतेलावर भागते, असे माझे मत आहे.

दुकानात सर्वांत आधी नजरेत भरतो तो अल्ट्रासॉनिक, म्हणजे धुक्याचा प्रकार. त्यातील तबकडी सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा कंप पावते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवते. तो जवळजवळ आवाज करत नाही, वीजही फार खात नाही आणि त्याचे धुके डोळ्यांना दिसत असल्याने पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. अडचण अशी की थेंबाबरोबर पाण्यातील क्षारही उडतात. लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्षार असलेले ३ लिटर पाणी रात्रभरात संपले, तर जवळपास अर्धा ग्रॅम भुकटी खोलीत पसरते. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर बोट फिरवल्यास ती दिसते, आणि श्वासावाटे आत जाते तीही हीच. पाणी उकळून गार करून घातले तरी क्षार जात नाहीत, फक्त जंतू मरतात. उपाय म्हणजे डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेले पाणी. परंतु दर सव्वा रात्रीला एक गॅलनचा (३.८ लिटरचा) कॅन संपवण्याची आणि बर्फातून तो वाहून आणण्याची तयारी असेल, तरच हा प्रकार घ्यावा.

पंखा आणि ओली जाळी असलेला बाष्पीभवनाचा प्रकार नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही, कारण तो तत्त्वाने वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच आहे. मे महिन्यात खोली गार करणारा कूलर पाऊस सुरू झाला की नुसता घोंघावतो, तसेच इथेही हवा जसजशी ओलसर होते तसतसे पाणी उडणे आपोआप मंदावते. माझ्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण धुक्याच्या यंत्राला आर्द्रतेचा नियंत्रक नसेल तर ते थांबत नाही आणि खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळून चौकटीला बुरशी धरते. क्षार जाळीतच अडकतात. ती पापडासारखी कडक झाली की बदलावी लागते आणि तो खर्च दर हिवाळ्याला धरूनच चालावे. पंख्याचा आवाज होतो, पण त्याची सवय होते.

वाफेचा प्रकार पाणी उकळतो, त्यामुळे जंतू आणि क्षार या दोन्ही बाबतींत तो स्वच्छ असतो; मात्र लिटरमागे सुमारे ०.७ युनिट वीज लागते. पंख्याच्या यंत्रात तेवढीच उष्णता खोलीतील हवेतून जाते आणि ती तापवण्याच्या बिलात येते, म्हणून विजेचा मुद्दा मी फार ताणणार नाही. रांगते मूल घरात असेल तर मात्र उकळत्या पाण्याचे भांडे जमिनीवर ठेवू नये, हा प्रकार टाळायला एवढे कारण पुरेसे आहे.

कोणताही प्रकार घेतला तरी पाणी रोज बदलावे, टाकी आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुऊन खळखळून विसळावी आणि पाण्यात जंतुनाशक किंवा निलगिरीचे तेल घालू नये. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके १९९४पासून विकली जात होती आणि त्यांचा फुप्फुसांच्या जीवघेण्या आजाराशी असलेला संबंध २०११मध्ये उघड झाला.

खरेदीपूर्वी एक स्वस्त आर्द्रतामापक आणून दोन दिवस खोलीत ठेवावा आणि तळघरातील फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टीही एकदा पाहून घ्यावी. तिच्या हवेच्या नळकांड्यावर पाण्याची बारीक तांब्याची नळी जोडलेला एखादा खोका असेल, तर तो संपूर्ण घराचा ह्युमिडिफायर असतो. आमच्या भाड्याच्या घरात तो होता. आम्ही दोन हिवाळे उशाशी यंत्र भरत राहिलो आणि त्याच्या झडपेची मूठ तेवढा काळ ‘उन्हाळा’ या खुणेवर तशीच होती.