नवे म्हणून जुने कॉम्प्युटर, लायसन्स म्हणून क्रॅक: ४,०३,४७० रुपये गेले

आमच्या नव्या कॉम्प्युटरवाल्याने फसवलं, त्याचे आधी आकडे. पाच कॉम्प्युटरची वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ३६,०००. नवे पाच कॉम्प्युटर, प्रत्येकी ३८,५०० प्रमाणे १,९२,५००. विंडोज आणि ऑफिसची ‘ओरिजिनल’ लायसन्स, मशिनमागे १४,०००, म्हणजे ७०,०००. क्लाउड बॅकअपचे वर्षाचे १८,०००. या सगळ्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ५६,९७०. आणि सगळं बुडाल्यावर ‘डेटा परत काढून देतो’ म्हणून यूपीआयवर घेतलेला ३०,००० चा ॲडव्हान्स. बेरीज ४,०३,४७०. यातला एक रुपयाही बिनबिलाचा किंवा रोखीने दिलेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘स्वस्तात मिळतंय म्हणून भुलला असेल’ हे पोलीस ठाण्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालंय.

आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात पाच कॉम्प्युटर. दोनांवर हिशेबाची टॅली, एकावर डायची ड्रॉइंग, उरलेल्या दोनांवर चलनं, ई-वे बिलं आणि पार्ट्यांचे मेल. जुना कॉम्प्युटरवाला वयोमानाने काम थांबवून गावी गेला, म्हणून नवा माणूस शोधावा लागला. तीन कोटेशन घेतली. सगळ्यात स्वस्त घेतलं नाही, मधलं घेतलं. ज्यांच्याकडून नाव मिळालं ते स्वतः कारखानदार, माझ्या चांगल्या ओळखीचे. लेटरहेड होतं, शिक्का होता, बिलावर जीएसटी नंबर होता. माणूस बोलायला गोड. आता कुणी सांगावं, यापेक्षा जास्त चौकशी छोटा धंदेवाला कशी करतो?

एक चौकशी राहिली होती, आणि ती करायला मला कुणीही कधी सांगितलं नव्हतं. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकून बघता येतो. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नंबर चालू आहे की रद्द झालाय, कोणत्या तारखेपासून, रिटर्न भरली जातात की नाही, सगळं दिसतं. कोटेशन हातात आलं की आधी हे बघा, मग बसायला खुर्ची द्या.

त्याने धाक दाखवला तो विंडोज १० चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपणार हे खरंच होतं, सगळीकडे छापून आलं होतं. भीती खरी आणि औषध खोटं, ही या लोकांची रीत. ‘तुमची पाचही मशिन जुनी आहेत, विंडोज ११ चालणार नाही, एका मशिनमधून व्हायरस शिरला तर टॅलीपर्यंत जाईल.’ नंतर कळलं की आमची दोन मशिन आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरची होती. इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं. मशिन चालेल की नाही हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ‘पीसी हेल्थ चेक’ही फुकट आहे. शिवाय उरलेल्या मशिनना पैसे भरून पुढेही सुरक्षेचे अपडेट घेता येत होते. यातलं काही त्याने सांगितलं नाही. आणि ती दोन चांगली मशिन तो बाकीच्या तिघांबरोबर एक्सचेंजमध्ये घेऊन गेला, प्रत्येकी २,००० धरून. ते वजा करूनच तो ३८,५०० चा भाव होता. हार्ड डिस्कसकट गेली. आमचे दर, पार्ट्यांची ड्रॉइंग, कामगारांचे आधार, सगळं त्यात. जुनं मशिन देताना हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. कितीही चांगला भाव देवो.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माल आला. पाच खोकी. साधी तपकिरी, तीन प्लायची, कंपनीची छपाई नाही, बाजूला सीरियल नंबरचं लेबल नाही, वरची टेप कोरी करकरीत. मी खोकी बनवणारा माणूस. कोणतीही मोठी कंपनी पाच-पंचवीस हजारांचा माल असल्या खोक्यात भरत नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. माझा हात त्या टेपवर होता. मी विचारलंही. तर म्हणाला, ‘साहेब, माल बल्कमध्ये येतो. आम्ही उघडून टेस्ट करतो आणि आमच्या पॅकिंगमध्ये देतो, म्हणजे तुम्हाला डेड पीस जात नाही.’ असं पॅकिंग होत नाही असं नाही. मी स्वतः अशा रीपॅकिंगवाल्यांना खोकी पुरवतो. म्हणून ते उत्तर मला पटलं. ज्याला धंदा माहीत नाही तो कदाचित अडून बसला असता. मला माहीत होता, म्हणून मी गप्प बसलो.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट. त्याचा मुलगा विंडोज चालू करायला बसला आणि म्हणाला, ‘अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करतोय, लायसन्स घेताना मध्ये येतो.’ एक काळी खिडकी उघडली, त्यात हिरवी अक्षरं सरकली, ‘झालं’ म्हणाला. आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी लगेच विचारलं, ‘लायसन्सचा कागद?’ ‘मेलवर येईल, ताई.’ तो मेल आजतागायत आलेला नाही. मी ताईंना तेव्हा म्हटलं की येईल, पाच मशिनचं काम एकटा पोरगा करतोय. ऐकून ठेवा: खऱ्या लायसन्सला अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही. कधीच नाही. तुमच्या समोर कुणी तो बंद केला तर त्याला तिथेच उठवा.

आणि ते लिहिलेलं होतं, स्क्रीनवर! सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं की हे विंडोज ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’मधून चालू झालं आहे. ती सोय मोठ्या कंपन्यांसाठी, ज्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो. असं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशिन मधून मधून त्या सर्व्हरला विचारून ते वाढवत राहतं. आमच्याकडे कसला सर्व्हर? क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालवणारं चोरटं सॉफ्टवेअर, टाकून मशिनमध्येच खोटा सर्व्हर बसवला होता. ७०,००० रुपये लायसन्सचे, वर १२,६०० जीएसटी, आणि आत हे. मी ते पान उघडून बघायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. ते बघायला माणूस ठेवला होता ना मी, वर्षाला ३६,००० देऊन?

आम्ही भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या तक्त्यात, दिसेना तेव्हा ताईंनी फोन केला. ‘आम्ही तिमाही रिटर्नवाले, जानेवारीत दिसेल.’ तिमाही योजना खरीच आहे, म्हणून थांबलो. जानेवारीतही दिसलं नाही तेव्हा पोर्टलवर नंबर टाकला. रद्द. तोही आमच्या पहिल्या बिलाच्या आधीच्या तारखेपासून रद्द. म्हणजे ५६,९७० त्याने सरकारच्या नावाने माझ्याकडून घेतले आणि खिशात घातले. मी विचारल्यावर ‘सीएची चूक आहे, आठवड्यात चालू होतंय’ म्हणाला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. फेब्रुवारीत एका सकाळी टॅली उघडेना. सगळ्या फायलींच्या नावापुढे वेगळीच अक्षरं लागलेली, आणि डेस्कटॉपवर ‘फायली लॉक केल्यात’ म्हणून पैसे मागणारी चिठ्ठी. पाचही मशिनवर. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली ठेवायला त्यानेच सांगितलं होतं, त्यामुळे तीही गेली. बॅकअपची एक प्रत मशिनपासून सुटी आणि ऑफिसच्या बाहेर असली पाहिजे. उरला क्लाउड. ज्या क्लाउडचे मी जीएसटीसकट २१,२४० मोजले तो गुगलचा फुकटातला १५ जीबीचा अकाउंट निघाला, त्याच्या स्वतःच्या नावावर. तो नोव्हेंबरमध्येच भरला होता. त्यानंतर एकही फाइल चढलेली नव्हती.

तेव्हा डेटा परत काढून द्यायचे आमच्या त्या कॉम्प्युटरवाल्याने ६५,००० मागितले, निम्मे आधी. घासाघीस करून ३०,००० पाठवले. यावरही लोक तोंड वाजवतात. पगाराची तारीख दोन दिवसांवर, पार्टीचं चलन निघत नाही, गाडी भरून दारात उभी आहे. अशा वेळी ज्याच्याकडे सगळे पासवर्ड आहेत त्यालाच फोन लागतो. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

त्याच्या जागी नवा माणूस आला, त्याने आमच्यासमोर बसून एसएसडीची माहिती काढून दाखवली. ‘नवीन’ डिस्क १९,४१२ तास चाललेली. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे रात्रंदिवस दोन वर्षांहून जास्त. ही माहिती दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, दोन मिनिटांचं काम. प्रोसेसर सहाव्या जनरेशनचे. विंडोज ११ ज्यावर चालत नाही म्हणून आमची मशिन काढली, त्याच विंडोज ११ साठी ही मशिन पात्र नव्हती! मायक्रोसॉफ्टची तपासणी चुकवून ते जबरदस्तीने बसवलेलं. आमची आठव्या जनरेशनची नेली आणि सहाव्या जनरेशनची दिली. हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

आता सरकारी दारं. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तिला फोन केला. त्यांनी फक्त शेवटच्या ३०,००० ची नोंद घेतली. बाकीचे पैसे ‘तुम्ही खरेदीपोटी दिलेत’. तोवर ते ३०,०००ही त्याच्या खात्यातून पुढे गेले होते. पैसे जाताच तासाभरात १९३० लावला तर रक्कम गोठवायची काही आशा असते. मी डेटाच्या मागे होतो, म्हणून उशीर झाला.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला आहे.’ रद्द झालेल्या नंबरवर कर वसूल करणं, जुनं नवं म्हणून विकणं, हा दिवाणी मामला! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यात मग सांगितलं की आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि साहेब बंदोबस्तात आहेत. कायद्यात तसं आहेच, कलम ७८. पण बंदोबस्त संपतो, तक्रार तशीच पडून राहते. आणि कळस म्हणजे एका हवालदाराने मलाच विचारलं, ‘तुमच्या मशिनमध्ये पायरेटेड सॉफ्टवेअर सापडलंय, तुमच्यावरच केस होऊ शकते, माहीत आहे ना?’ मी लायसन्सच्या ८२,६०० चं बिल त्याच्या टेबलावर ठेवलं. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात शिक्षा आहे ती माहीत असून वापरणाऱ्याला. मी पैसे मोजून घेतलेलं मला खोटं आहे हे कुठून माहीत असणार? चोर मोकळा आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला दमदाटी.

जीएसटी कार्यालयात उत्तर एका ओळीचं: ‘टू-बीत नाही तर क्रेडिट नाही.’ अहो, पण त्याने तुमच्या नावाने कर गोळा केला, तो तुमचा पैसा आहे, कलम ७६ तुमच्याच कायद्यात आहे! ‘लेखी द्या.’ दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही. ग्राहक आयोगाचं वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे व्यावसायिक हेतू, तिथे आधी आपण ग्राहक आहोत हेच सिद्ध करावं लागेल. फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे. ती तुम्हाला लागू होत असेल तर सोडू नका, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही नाही. आमच्याकडे कामगार आहेत, म्हणून आम्ही अडकलो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो की असा हल्ला सहा तासांत कळवा. हे आमच्यासारख्यांना कळवायचं काम कुणाचं होतं?

जे कुणीच सांगितलं नाही ते एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. न्यायनिर्णय अधिकारी तेच. पोलीस ठाण्यातल्या एकाही माणसाच्या तोंडून हे निघालं नाही. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना ती टपालाने पाठवता येते, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

लॉक झालेल्या फायली आम्ही पुसल्या नाहीत. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर असल्या काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. आमच्या प्रकाराची अजून नाही, म्हणून ती डिस्क बाजूला ठेवली आहे. टॅली कागदी बिलांवरून पुन्हा भरतोय. ताई रात्री आठपर्यंत थांबतात.

नव्या माणसाशी करार करताना ॲडमिनचा पासवर्ड, डोमेन, मेल, बॅकअपचा अकाउंट, सगळं फर्मच्या नावावर आणि फर्मच्या मोबाइलवर घेतलं. टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीवॉल्टचा पासवर्ड आता फक्त माझ्याकडे आणि ताईंकडे आहे, कारण तो हरवला तर टॅलीवालेसुद्धा काढून देऊ शकत नाहीत. बाहेरून मशिनमध्ये शिरायचं असेल तर आधी फोन येतो आणि इकडून कुणीतरी होकार दिल्यावरच जोडलं जातं. पैसे देण्याआधी प्रत्येक मशिनचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघितली. नवा माणूस यातल्या एकाही गोष्टीला नको म्हणाला नाही. आधीच्याला मी एकदा ॲडमिनचा पासवर्ड मागितला होता, तेव्हा म्हणाला होता, ‘साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही आहोत ना.’

आयटी सचिवांकडचा अर्ज दाखल झाला आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. त्या बिलांवरच्या जीएसटी नंबरचं बिल आणखी कुणाकडे असेल तर ते फाडू नका, आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकट्याच्या तक्रारीला ते दिवाणी म्हणून परत पाठवतात. दहा जणांची बिलं समोर आली तर तसं म्हणता येणार नाही.