व्हेरिएबल स्पीड पंप, दहा महिन्यांनंतर: बिल कुठे उतरलं, कुठे नाही

पुण्याजवळच्या एका बंगल्याचा पोहण्याचा पूल (स्विमिंग पूल), ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे साधारण ४५ हजार लिटर. पाणी फिल्टरमधून फिरवणारा जुना दीड एचपीचा एका वेगाचा पंप १.४५ किलोवॅट खायचा आणि रोज आठ तास चालायचा. महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास. घरचा वापर आधीच झालेला असतो, त्यामुळे महावितरणच्या बिलात ही युनिटं वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. पुलाची बचत दिसते त्यापेक्षा मोठी असते ती यामुळे.

नवा व्हेरिएबल स्पीड पंप, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा, सकाळी एक तास २८०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) आणि पुढे दहा तास १४०० वर चालतो. १४०० वर तो २६० वॅटच्या आसपास घेतो. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज हिशेबाने आठव्या भागावर येते. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हचा (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) स्वतःचा खर्च धरून ती पाचव्या-सहाव्या भागावर थांबते. रोजची बेरीज चार युनिटच्या आत, आधी साडेअकरा होती. शिवाय हळू गेलेलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून जास्त स्वच्छ निघतं, हे काही आठवड्यांत डोळ्यांना दिसतं.

एक गोष्ट मात्र पंप विकणारा सांगत नाही. जुना पंप ताशी १८ हजार लिटर देत होता, म्हणजे आठ तासांत सगळं पाणी तीनदा फिरत होतं. घरगुती पुलाला तेवढं बहुतेक वेळा लागत नाही. पैसे खर्च करण्याआधी जुन्याच पंपाचा टायमर आठवरून पाच-साडेपाच तासांवर आणून पाहा. पाणी नितळ राहिलं आणि क्लोरीन टिकलं, तर तिसरा हिस्सा वीज फुकटात वाचली.

आता त्रास. पहिला प्रेशर गेजचा. २८०० वर स्वच्छ फिल्टर ०.८ बार दाखवतो, १४०० वर काटा जेमतेम ०.२ वर. त्या काट्यावरून फिल्टर तुंबलाय का हे कळतच नाही. म्हणून आकडा नेहमी सकाळच्या जोराच्या तासातच बघायचा, आणि १.३ झाला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. बॅकवॉशही पूर्ण वेगावरच करायचा, हळू वेगात वाळू उचलली जात नाही आणि घाण आतच राहते. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या, पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवण्याआधी पंप पूर्ण थांबलाय याची खात्री करा, बटण दाबल्यावरही तो काही सेकंद फिरत असतो.

दुसरा हवेचा. पंपाच्या जाळीच्या पारदर्शक झाकणाखाली लिंबाएवढा फुगा स्थिर दिसला, तर झाकणाची ओ-रिंग (रबरी कडं) कोरडी पडली आहे किंवा तिच्यावर वाळूचा कण आहे. मोठ्या वेगात ही गळती खपून जाते, हळू वेगात पंपाची पाण्यावरची ओढ सुटते. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलिन लावू नका, रबर फुगतं. सुरुवातीची प्रायमिंगची (हवा काढून पंपात पाणी भरून घेण्याची) वेळ तीन-चार मिनिटं ठेवा.

तिसरा मिठाच्या क्लोरिनेटरचा, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा. त्याच्या फ्लो स्विचला (पाणी वाहतंय का हे बघणाऱ्या स्विचला) पुरेसं पाणी लागलं नाही की क्लोरिनेटर बंद पडतो, आणि तीन दिवसांनी भिंती बुळबुळीत झाल्यावर लक्षात येतं. १४०० वर क्लोरिनेटरचा दिवा लागत नसेल तर शंभर-शंभर आरपीएमने वाढवत जा. पावसाळ्यात पानं पडतात तेव्हा स्किमरला (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाला) ओढ पुरत नाही, जोराचा तास दोन करावा लागतो.

वायरिंगमध्ये जुना टायमर काढून पंपाला सतत पुरवठा द्या, वेळापत्रक पंपातच भरा. टायमरने रोज वीज तोडली की ड्राइव्हचं आयुष्य घटतं. लाइट जाते-येते अशा भागात सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं उपकरण) हवाच. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पडू लागली तर तिच्या प्रकाराचं आणि अर्थिंगचं बघा, ती काढून टाकायची नाही. पाण्यात माणसं असतात. जुन्या सिंगल फेज मोटरला बाहेरून स्वस्त ड्राइव्ह लावून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. कॅपॅसिटरवाल्या मोटरचं काम वेग कमी केल्यावर नीट चालत नाही, ती तापून जळते.

हिवाळ्यात पाणी गरम करायला हीट पंप लावत असाल, तर मात्र खरी उधळपट्टी पृष्ठभागावर आहे. या पुलावरून १ मिलिमीटर पाणी उडालं की ३२ लिटर गेलं, आणि त्यासोबत २१ युनिटइतकी उष्णता. हीट पंपाने ती परत भरायला चार-पाच युनिट वीज जाते. कोरड्या, वाऱ्याच्या रात्री एवढं सहज उडतं. बुडबुड्यांचं कव्हर, बुडबुडे खाली करून, संध्याकाळी टाकलं की हा खर्च जवळपास थांबतो. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर ते उतरेपर्यंत कव्हर बाजूला ठेवा, नाहीतर प्लास्टिक कडक होऊन फुटतं. आणि पोहायला उतरताना कव्हर पूर्ण काढा, अर्धवट गुंडाळलेल्या कव्हरखाली मूल गेलं तर वरून दिसत नाही.