कुत्र्याला गाबोळी आणि मासे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी गुण द्यायचे तर उकडलेल्या गाबोळीला, म्हणजे माशाच्या अंड्यांना, साडेचार आणि कच्च्या माशाला एक. तो एकसुद्धा कुत्री ताट चाटूनपुसून खातात एवढ्यासाठी.

वापर असा: २४ किलोचा कारवानी नर आणि ११ किलोची गावठी मादी. फेब्रुवारी ते सप्टेंबर, आठवड्यातून दोन दिवस. मासे बहुतेक जायकवाडीचे, म्हणजे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस. सायप्रिनसची अंडी उन्हाळ्याच्या तोंडालाही मिळतात. रोहू-कटल्याची भरलेली पोटं पावसाळ्याच्या आसपास.

कच्च्याचं आधी सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. परदेशी व्हिडिओंत सांगतात की मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवा आणि द्या. माशातल्या जंतांपुरता तो नियम बरोबर आहे. पण घरचा फ्रीजर जेमतेम उणे १८ ला असतो, दार उघडझाक केली की त्याहून वर. साल्मोनेलासारखे जिवाणू तर गोठवून मरतच नाहीत, नुसते झोपतात. भांडं, ओटा आणि लहान मुलांचे हात यांना धोका तेवढाच राहतो.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. सायप्रिनस आणि त्याच्या कार्प कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते खाण्यातलं ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि गोठवून ते जात नाही. प्राणिसंग्रहालयांत गोठवलेले मासे खाणाऱ्या प्राण्यांना दर किलो माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब१ वरून देतात, ते यासाठीच. एकदा-दोनदा कच्चा मासा खाल्ल्याने काही दिसत नाही, म्हणून ‘आमच्या कुत्र्याला कुठं काय झालं’ असं लोक छातीठोक सांगतात. कमतरता आठवडे-महिने साचत जाते. आधी जेवणावरून मन उडतं, ओकाऱ्या होतात, मग मागचे पाय लटपटतात आणि शेवटी झटके येतात. इथवर गाडी आली की घरगुती उपाय नको, थेट जनावरांचा डॉक्टर. मासा नीट शिजवला की हे विकर निकामी होतं, प्रश्न मिटतो.

मरळ कच्ची कधीच देऊ नये. तिच्या मांसात नॅथोस्टोमा जंताच्या अळ्या असू शकतात आणि कुत्र्याचं जठर हे त्या जंताचं हक्काचं घर. किनाऱ्यावरून बर्फात येणारा बांगडा मराठवाड्यात पोचेपर्यंत दोन-तीन दिवसांचा होतो. साखळीत कुठे बर्फ वितळला असेल तर त्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. डोळे खोल गेलेला, पोट मऊ पडलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आठवडी बाजारातलं खारवलेलं सुकट, बोंबील मिठामुळे बाद. कोळंबी चालते: डोकं, टरफल, काळा दोरा काढून पाच मिनिटं उकळून.

आता गाबोळी. तिच्यात सगळ्यात जास्त चूक होते ती दुकानातच. मासेवाला पोट फाडून सगळं एका मुठीत ओढतो आणि पित्ताची पिशवी फुटते. रोहू, गवत्या (ग्रास कार्प) यांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाचं विष असतं. औषध म्हणून हे पित्त गिळलेल्या माणसांची मूत्रपिंडं बंद पडल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. शिजवून हे विष उतरत नाही. म्हणून कापायच्या आधीच सांगायचं, ‘भाऊ, अंडी वेगळी काढा, पित्त फुटू देऊ नका.’ गाबोळीवर हिरवट-पिवळा डाग दिसला तर तो भाग धुवत बसू नका. आजूबाजूच्या बोटभर तुकड्यासकट फेकून द्या. काळीज पित्ताला चिकटूनच असतं, तेही घेऊ नये.

घरी आणल्यावर पडदा न फाडता हलक्या हाताने धुवायची, वरची रक्ताची शीर बोटाने ओढून काढायची आणि सुईने पाच-सहा ठिकाणी टोचायची. टोचलं नाही तर फुटून सगळा रवा पाण्यात जातो. इडलीपात्रात १५ मिनिटं वाफ हा उत्तम प्रकार. २०० ग्रॅमचा लोळा असेल तर १८ मिनिटं. मधोमध कापून पाहायचं: आत कुठेही काचेसारखा, चिकट पट्टा नको, सगळं एकसारखं फिकं आणि भुरभुरीत हवं. कुकर टाळा, शिट्टीत तिची वाळू होते. मीठ, तिखट, कांदा, लसूण काहीही नाही. घरातल्यांसाठी केलेल्या कालवणातली गाबोळी ‘जरा धुऊन’ देणं हा प्रकार फार दिसतो; लसूण धुऊन जात नाही.

प्रमाण: १०० ग्रॅम गाबोळीत साधारण १४० कॅलरी. वरखाऊ, म्हणजे जेवणाव्यतिरिक्तचा खाऊ, दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ३० ते ४० ग्रॅम, २५ किलोच्याला ६० ते ७०. पहिले तीन दिवस अर्धा चहाचा चमचाच. एकदम वाटीभर दिली की दुसऱ्या दिवशी शेंबडी, पातळ शी ठरलेली. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला गाबोळी नकोच. डाल्मेशियनलाही नको, त्या जातीत लघवीत युरेटचे खडे होतात.

आठ महिन्यांत दिसलं ते एवढं: कारवानीची कातडी मऊ पडली, कोंडा कमी झाला, पण सोबत आहारही सुधारला होता, तेव्हा सगळं श्रेय गाबोळीला देता येत नाही. शीला वास मात्र नक्की वाढतो.

उन्हाळ्यात पारा ४२ ला असताना पैठणहून मासे आणायचे तर डब्यात माशाइतकाच बर्फ हवा. ३२ अंशांच्या वर शिजवलेली गाबोळीही ताटात तासाभराहून जास्त ठेवू नये. आम्ही ५० ग्रॅमच्या पुड्या करून गोठवतो, दोन महिन्यांत संपवतो. लाइट गेल्याचा पत्ता लागावा म्हणून फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवलंय. गावाहून परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं तर पुड्या सरळ उकिरड्यावर, तेही खोल पुरून, नाहीतर गल्लीतली कुत्री उकरतात.