लंडन कॉलिंग: दोन तबकड्या, एक वाकडी

द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' हा अल्बम काय आहे ते सांगत बसत नाही. 1979, चार बाजू, 19 गाणी, कव्हरवर बास गिटार आपटणारा बँडचा बासवादक पॉल सिमोनन. पावसाळ्याआधी नवीकोरी एलपी, म्हणजे विनाइलची रेकॉर्ड, घेतली, आता दिवाळी उलटून गेल्यावर लिहितोय.

आधी भांडण. दुसऱ्या तबकडीची कड वर आलीये. तिसऱ्या बाजूला सुई ठेवली की हेलकावे खाते आणि 'राँग एम बॉयो'मध्ये उडी मारते. दुकानदाराला फोनवर ऐकवलं, तर म्हणे, "साहेब, ते गाणंच तसंय. थांबतं आणि परत सुरू होतं." आता पंचाईत अशी की ते खरंच तसं आहे! बँड एक जुनं गाणं धरतो, मध्येच तोडतो आणि नव्याने सुरुवात करतो. पण उडी त्याच्या बरीच पुढे आहे, हे परोपरीने सांगूनही गडी हलेना. सील फोडलेला माल परत नाही. सील न फोडता वाकडेपणा दिसणार कसा, यावर फोन कट.

यातली गंमत म्हणजे बँडने ही डबल एलपी एकाच्या भावात विकायला लावली होती. रेकॉर्ड कंपनी सोबत एक बारा इंची सिंगल (एक-दोन गाण्यांची तबकडी) फुकट द्यायला तयार झाली, आणि पोरांनी त्या जागी अख्खी दुसरी एलपी सरकवली. मी मोजले साडेतीन हजार. म्हणजे हिशेबाने माझी वाकडी तबकडी ही फुकटातली!

पहिले काही आठवडे त्या रागात फक्त पहिलीच लावत होतो. दुसऱ्या बाजूवर तर जीव जडलाय. 1977च्या पहिल्या अल्बममध्ये सगळा जोर रस्त्यावर ओरडण्याचा होता. इथे 'लॉस्ट इन द सुपरमार्केट'मध्ये बँडचा मुख्य गायक जो स्ट्रमर गिटारवादक मिक जोन्सचं बालपण कसं असेल ते कल्पून लिहितो आणि गायला जोन्सलाच देतो. टॉपर हेडनचे ड्रम किती हलके वाजतात तिथे! आणि सुरुवातीला बासच्या दांड्यावर सुरांची नावं रंगवून वाजवणारा सिमोनन 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' स्वतः लिहितो, गातो. पैसे गाणी लिहिणाऱ्याला मिळतात, पोस्टर रंगवणाऱ्याला नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. व्यवहारी माणूस. आवडला.

दुसरी तबकडी मला भरताड वाटायची. आता नाही वाटत. 'द कार्ड चीट'मध्ये वाद्यं दोनदा वाजवून एकावर एक चढवलीत. पियानो सुरू झाला की खोली भरते. सगळ्यात शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' मूळ कव्हरच्या यादीत नव्हतंच, कारण कव्हर छापून झाल्यावर ते घातलं. साधं प्रेमभंगाचं गाणं, पण हल्ली सुई आधी तिथेच जाते.

नवी प्रत घेणार नाही. वाकड्या कडेवर चौथ्या बाजूला 'लव्हर्स रॉक' येतं, ते मी तसंही वगळतो. राहिलं 'राँग एम बॉयो', ते मोबाइलवर ऐकतो.