आठ फिल्टरचा कलरीमीटर: अमायलेजला पुरतो, एनएडीएचला नाही

आमच्या बडोद्याच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण हव्या त्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) एकच, आणि त्याच्यापुढून पीएचडीची मुलं हलत नाहीत. म्हणून बीएस्सीच्या बॅचसाठी अंबाल्याचा हा साधा डिजिटल कलरीमीटर सयाजीगंजातून आणला; तो तेच मोजतो, पण ठरावीक फिल्टरांच्या तरंगलांबींवरच.

पहिलं काम अमायलेजचं, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं. लीला चिवडा (बटाट्याचा ओलसर चिवडा) करणाऱ्या एका कारखान्यामागे बटाटे धुतलेलं पाणी मुरतं, तिथली माती आम्ही आणतो. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं की जिच्याभोवती स्वच्छ कडं दिसेल ती जिवाणूंची कॉलनी उचलायची. बहुतेक वेळा बॅसिलस हा जिवाणूच निघतो. मग डीएनएस, म्हणजे साखरेने रंग बदलणारं रसायन. एन्झाइमने स्टार्चमधून सोडलेल्या माल्टोजबरोबर ते पिवळं द्रावण पाच मिनिटं उकळलं की नारिंगी-तांबडं होतं. हा रंग मोजायची तरंगलांबी पुस्तकात ५४० नॅनोमीटर, यंत्रातला फिल्टर ५३०. मुलांचे चेहरे लगेच उतरतात. अरे, स्टँडर्ड कर्व्ह (माल्टोजच्या माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख) त्याच फिल्टरवर काढा ना, काही बिघडत नाही!

मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, त्यामुळे नळी वॉटर बाथबाहेर काढली तरी एन्झाइमचं काम चालूच. वेळ झाली की डीएनएस ताबडतोब घालायचं. ते इतकं अल्कधर्मी असतं की एन्झाइम तिथेच थांबतं. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या नळीत, मात्र आधी डीएनएस, मग एन्झाइम.

कल्चरची वाढ ६६० वर ठीक दिसते. रीडिंग ०.८ च्या वर गेलं की पातळ करून पुन्हा घ्यावं.

डिहायड्रोजनेजला (हायड्रोजन काढून घेणाऱ्या एन्झाइमला) मात्र हात जोडले. त्याच्या क्रियेतलं एनएडीएच हे संयुग मोजायचं ३४० ला आणि याचा सर्वांत खालचा फिल्टर ४००. पेशींचा चयापचय चालू आहे एवढंच दाखवायचं तर टीटीसी हे रसायन घालते. बिनरंगी टीटीसीचं पेशींत तांबडं फॉर्मझान होतं, ते ॲसिटोनमध्ये काढून ४७० वर वाचता येतं. पोरांना हा प्रयोग सगळ्यांत आवडतो, मलाही.

तक्रारी दोन. फिल्टरची चकती सैल, नीट 'टक्' होईपर्यंत फिरवली नाही तर आकडा नाचतो. दुकानदाराने सांगितलं होतं, "मॅडम, वीस मिनिट गरम थवा देजो" (यंत्र वीस मिनिटं गरम होऊ द्या), ते खरंच पाळावं लागतं. दुसरी तक्रार सोबतच्या काचनळ्यांची: नुसतं पाणी भरलं तरी प्रत्येकीचं रीडिंग वेगळं. घेणार असाल तर दुकानातच सगळ्या नळ्या पाण्याने लावून पाहा, जुळतील त्याच उचला, आणि प्रत्येकीवर खूण करून ती नेहमी एकाच दिशेला ठेवा.