बिल्ला खरा, कातडं खोटं

गेले साडेचार हजार रुपये आणि एक चांगली शॉर्ट. रक्कम फार मोठी नाही. पण वारीचा मोसम जवळ आला की बरेच जण सायकलसाठी चामड्याची सीट शोधायला लागतात, आणि माझ्या गळ्यात मारला तसला माल सेकंडहँड बाजारात अजून फिरत असणार, म्हणून लिहितोय.

पुण्याहून सायकलने पंढरपूरला जायचं ठरलं तेव्हा पायांची काळजी नव्हती, बुडाची होती. माझी जेलची सीट पहिला तासभर गादीसारखी. मग हाडांखालचं जेल दबतं, मधे वर येतं आणि नको तिथे मुंग्या. ग्रुपमधले जुने लोक एकच सांगायचे, ब्रुक्स या इंग्लिश कंपनीची बी-17 ही चामड्याची सीट घे, हाडांना बसेपर्यंत चारपाचशे किलोमीटर सोस, मग बघायला नको. नवी सीट दहा हजारांच्या घरात. सीटला दहा हजार दिले हे घरी कोणत्या तोंडाने सांगणार?

अशात एक जाहिरात दिसली. ‘आजोबांची, इंग्लंडहून आणलेली, बसून बसून मऊ झालेली.’ फोन केला. माणूस इतका गोड बोलणारा की बस. संध्याकाळी साडेसातला डेक्कनजवळ भेटलो. पिशवीतून सीट काढता काढता त्याने मला ब्रुक्सचा इतिहासच ऐकवला: 1866 साली बर्मिंगहॅममध्ये खोगीर-लगामाचं चामडं विकणारा जॉन ब्रुक्स, त्याचा घोडा मेला, तो सायकल वापरायला लागला, लाकडी सीटने हैराण झाला आणि 1882 मध्ये स्वतःच्या सीटचं पेटंट घेतलं. घरी येऊन पडताळलं, कंपनीही हेच सांगते. गोष्ट खरी होती, आजोबा तेवढे बनावट.

मी बघायचं ते बघितलं, असं मला वाटत होतं. मागचा कंपनीचा बिल्ला अस्सल, खालच्या सळ्या अस्सल, थोडा गंजही होता. अंगठ्याने दाबलं तर कातडं छान दबलं. पॉलिशचा वास येत होता. सीटच्या नाकाखालचा, म्हणजे पुढच्या टोकाखालचा, कातडं ताणायचा बोल्ट फिरवायला मी पाना नेला नव्हता. ‘सर, तो हलवू नका, आजोबांनी सेट केलाय,’ म्हणाला. मी यूपीआयने पैसे दिले, वर चहाही पाजला.

तीन आठवडे मजेत गेले. पहिल्या दिवसापासून मऊ! ग्रुपमध्ये मी मिरवत होतो. एकाने विचारलंसुद्धा, ‘दुसऱ्याच्या हाडांना बसलेली सीट तुला लगेच कशी काय बसली?’ मी म्हटलं, नशीब. मग जूनच्या पहिल्या पावसात बोपदेव घाटातून परत येताना अर्धा तास भिजलो. घरी बघतो तर शॉर्ट चॉकलेटी झालेली, सीटच्या कडेला पापुद्रे सुटलेले. नाकाजवळच्या रिव्हेटभोवती चीर, आणि चिरेतून डोकावणारं कॅनव्हास.

कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांकडे नेली. त्यांनी रापीने कड जराशी खरवडली, चिमटीत आलेला चुरा माझ्या तळहातावर ठेवला. ‘साहेब, हे चामडं नाही. चामड्याचा भुसा आहे. डिंकात कालवून लाटलाय, वर प्लॅस्टिकचा हात मारलाय.’ मोडक्या सीटची सळई आणि बिल्ला घ्यायचा, त्यावर हा लगदा चढवायचा, मधे कॅनव्हास घालायचं. बोल्ट तर वेल्डिंगने कायमचा बसवलेला होता, कारण ताणला असता तर सीट तिथेच फाटली असती.

विक्रेत्याचा फोन बंद, जाहिरात गायब. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. वस्तू स्वतः बघून, पसंत करून घेतलेली, त्यामुळे पुढे काही होईल अशी आशा धरलेली नाही.

आता कुणाबरोबर सीट बघायला गेलो तर आधी ती उलटी करतो. खरं कातडं खालून कच्चं, खरखरीत, तंतुमय असतं. माझी खालूनही गुळगुळीत होती, तिथेच थांबायला हवं होतं. मग कापलेली कड बघायची. साडेपाच-सहा मिलिमीटरचा एकच सलग थर दिसला पाहिजे. खालच्या बाजूला बोट ओलं करून लावलं तर खरं कातडं पाणी पितं, डाग गडद होतो. पाना न्यायचाच, बोल्ट पाव फेरा फिरला पाहिजे आणि पुढे ताणायला आटे शिल्लक हवेत. अस्सल पण मेलेली सीटही विकतात. नाकापासून शेपटीपर्यंत पट्टी आडवी धरायची. मधे झोळी झाली असेल तर कितीही तेल पाजून चमकवलेली असो, घेऊ नका. आणि भेट दिवसाउजेडी.

शेवटी नवीच घेतली. त्याआधी बॉक्सच्या पुठ्ठ्यावर पाच मिनिटं बसलो, हाडांचे दोन खड्डे उमटले, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजलं आणि सीटची रुंदी त्यावरून ठरवली. पहिले दोनशे किलोमीटर पाटावर बसल्यासारखं वाटलं, शिव्या दिल्या. मग हळूहळू दोन उथळ खळगे पडले. कंपनीचं मेण सुरुवातीला वरून आणि खालून, नंतर दोनतीन महिन्यांनी बोटभर, रात्रभर मुरवून सकाळी फडक्याने पुसायचं. खोबरेल किंवा एरंडेल चोपडायचं नाही, कातडं ढिलं पडून झोळी होते. भिजलीच तर सावलीत वाळू द्यायची, ओलीवर बसायचं नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. पावसाळ्यात बुरशी धरते, आठवड्याला कोरडं फडकं फिरवतो. सायकल उभी केली की किराणावाल्याची पिशवी सीटवर, गाठ मारून. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

जुन्या सीटचा सांगाडा बरेच दिवस गॅलरीत पडून होता. ओळखीतल्या एकाने त्यावरचा बिल्ला पाचशेला मागितला, ‘एक जुनी सीट बनवतोय’ म्हणाला. दिला नाही. त्याच रात्री छिन्नीने तो सांगाड्यावरून उचकटला आणि हातोडीने दुमडून चपटा केला.