कासवाची अंडी: उबवायची की फ्रीजरमध्ये टाकायची?

हर्मन जातीच्या (युरोपातल्या, जमिनीवर राहणाऱ्या) कासवांची जोडी पाळली असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न येतोच. मादी खाणं टाकते, वाफ्यात इथे उकर, तिथे उकर करत दिवसभर फिरते आणि मग एका संध्याकाळी मागच्या पायांनी चार-पाच बोटं खोल खड्डा करून बसते. आमच्या ठकूने इंग्लंडातल्या परसात पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा आम्ही ती उबवली. नंतर नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगते.

(महाराष्ट्रात राहून स्टार कासवाबद्दल विचार करत असाल तर तुलनेचा प्रश्नच नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी लांबच राहिली, ते घरात ठेवणंच गुन्हा आहे.)

उबवणं हे वाटतं तितकं अवघड नाही, आणि गोची तिथेच होते. इन्क्युबेटर ३१ अंशांच्या आसपास ठेवायचा, आत पाण्याची वाटी, आणि दोन-तीन महिने वाट बघायची. कोंबडीची अंडी फिरवतात, ही मात्र अजिबात उलटायची नाहीत. म्हणून उचलण्याआधीच वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायची. आमच्या पाचांतली तीन फुटली. पिल्लू आधी नाकावरच्या टोकाने टरफलाला भोक पाडतं आणि मग दीड-दोन दिवस तसंच आत बसून राहतं. बाहेर ओढायचा मोह होतो, पण पोटाशी बलक शिल्लक असतो, तो जिरायला वेळ लागतो. बाहेर आलं तेव्हा एकेक पिल्लू बारा ग्रॅमच्या आतबाहेर. कवच अजून दुमडलेलं, पापडासारखं.

अवघड भाग पुढे. नर की मादी हे अंड्याला मिळालेल्या तापमानावर ठरतं: साडेएकतीसच्या बरंच खाली ठेवलंत तर नर, वर गेलात तर माद्या. आणि काय निघालंय ते शेपटीवरून खात्रीने कळायला काही वर्षं जातात. तोवर तुम्ही ते कुणाला दिलेलं असतं. नर निघाला तर दुसऱ्या नराशी त्याचं पटत नाही, मादीला तो पायाला चावून हैराण करतो. म्हणजे घेणाऱ्याला आणखी एक वाफा, आणखी एक यूव्हीबी (उन्हासारखी अतिनील किरणं देणारा) दिवा. मादी वर्षातून दोनदा अंडी घालू शकते. प्रत्येक खेपेला चार-पाच धरली तर दहा वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. प्रत्येकाचं आयुष्य पन्नास वर्षांच्या पुढचं.

विकून खर्च निघेल असं वाटत असेल, तर इथे इंग्लंडात हर्मन विकायला कलम १० चं प्रमाणपत्र (संरक्षित प्राणी विकायची सरकारी परवानगी) लागतं आणि पोटाकडचं कवच ६० मिलिमीटर लांब झालं की ओळखीची चिप बसवावी लागते. पुण्याची मामेबहीण अजून म्हणते, "अगं, पुढच्या वेळी येशील तेव्हा पर्समधून एक घेऊन ये ना!" तिला साइट्सचे (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे) परवाने समजावण्यापेक्षा मी फोटो पाठवते.

आता न उबवण्याची बाजू. काम कमी असेल असं समजू नका. नर वेगळा केला तरी मादी आधीचं वीर्य साठवून पुढची दोन-तीन वर्षं फलित अंडी घालू शकते. नर कधी भेटलाच नसेल तरी अंडी येतातच, फक्त ती रिकामी. त्यामुळे ऊन लागणारी, भुसभुशीत मातीची जागा तिला दोन्ही बाबतीत द्यावी लागते. ती नसली की अंडी पोटात अडकतात, आणि मग एक्स-रे, इंजेक्शन, कधी ऑपरेशन. समुद्रफेनाचा तुकडा वाफ्यात कायम ठेवायचा, कारण टरफलाचं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं.

अंडी मात्र त्याच दिवशी, आत पिल्लू वाढायला लागायच्या आधी, काढून फ्रीजरमध्ये टाकायची. "बघू उद्या" म्हणत चार दिवस घालवले की हात उचलत नाही. पहिल्यांदा मलाही वाईट वाटलं. आमच्या घरात त्यावर अबोलाही झाला.

माझं मत विचाराल तर, मागणी आधी आणि अंडी नंतर. "कुणीतरी घेईल" ही मागणी नव्हे. अंगण असलेली, कासव सांभाळलेली दोन घरं नावानिशी तयार असतील आणि एखादं पिल्लू परत आलं तर ठेवायची तुमची तयारी असेल, तर दोनच अंडी उबवा, बाकीची फ्रीजरमध्ये. मादी नुकतीच घरी आली असेल किंवा मागच्या हिवाळी झोपेनंतर तिचं वजन भरून आलं नसेल, तर मुळीच नको.

आमच्या तीनांपैकी दोन दिली. तिसरंही एका घरी दिलं होतं, पण ते आठ महिन्यांत परत आलं, कवच मऊ पडलेलं. ते आता आमच्याकडेच आहे, वेगळ्या वाफ्यात, कारण तो नर निघाला.